विहीणबाईंच्या गोळ्या

बशीत दोन गोळ्या होत्या. एक पांढरी, लांबुळकी, मधोमध बारीक रेघ असलेली. दुसरी फिकट गुलाबी, गोल, जराशी जाड – आणि त्या बशीकडे बघता बघता भास्कररावांना सुलेखाचं ते पत्र आठवलं, ज्याला त्यांनी कधीच उत्तर दिलं नाही. तेहतीस वर्षं झाली. अंतर्देशीय पत्र होतं. वरच्या पानावर विट्याकडचं पाऊसपाणी, मुलाची शाळा, जावेचं बाळंतपण, आणि मग आतल्या घडीत, डिंक लावायच्या कडेला अगदी चिकटून, चार ओळी – 'दादा, मिरजेचे डॉक्टर म्हणाले, तुला ह्या गोळ्यांचं माहीत होतं. मग त्या दिवशी तू आमच्या सोप्यात बसला होतास, तेव्हा बोलला का नाहीस? मी रागावले नाही. नुसतं विचारते.' नुसतं विचारते... रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना नेहमी वाटे. रागाला काहीतरी सांगता येतं, चार कारणं पुढे करता येतात. नुसत्या विचारण्याला काय सांगायचं?

"बाबा, चहा निवतोय तुमचा," उर्जा म्हणाली. सून स्वयंपाकघराच्या टेबलावरच ऑफिस मांडून बसली होती. एका कानात कॉल, दुसरा कान घरासाठी मोकळा. मुलगा, सिद्धेश, साडेसहाच्या ट्रामने गेलासुद्धा. "आई, ऊठ गं, सातच्या दोन घ्यायच्यात."

सातच्या दोन. अकराची एक, तीनच्या दोन, परत सातची एक, झोपताना दोन... उर्जाच्या फोनमध्ये प्रत्येकीचा गजर लावलेला होता आणि तो वाजला की साऱ्या घराने श्वास रोखून विहीणबाईंच्या घशाकडे बघायचं, असा चार दिवसांचा रिवाज झाला होता. विहीणबाई – उर्जाच्या आई, सरिताबाई – सहा आठवड्यांपूर्वी पुण्याहून आल्या, तीन महिन्यांच्या व्हिसावर. गेल्या शनिवारी कपाळाची उजवी बाजू भाजल्यासारखी होते म्हणाल्या, आणि रविवारी तिथे फोड उठले. फोडांची ती ओळ, भुवईपासून केसांत शिरलेली, भास्कररावांनी दाराआडून पाहिली. नागीण. सुलेखाला झाली होती तीच जागा. तोच उजवा डोळा, हळूहळू मिटत चाललेला...

पण इथे बरं झालं, लगेच डॉक्टर मिळाला. डोळ्यांच्या डॉक्टरनेही पाहिलं, डोळा अजून शाबूत आहे म्हणाली. तीन दिवसांच्या आत गोळ्या सुरू झाल्या. सगळं पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. मग मी का असा अस्वस्थ – मला झालंय तरी काय – भास्करराव स्वतःशीच चिडून बशीवरून नजर काढायचा प्रयत्न करत होते.

कारण बशीत दोन गोळ्या होत्या, आणि दोन डॉक्टरांच्या होत्या.

ह्या घराला दोन डॉक्टर होते. एक इथला, ज्याची वेळ मिळवायला दहा फोन करावे लागतात, जो दहा मिनिटं ऐकतो आणि दोन मिनिटं बोलतो. दुसरा पुण्याचा, सिंहगड रोडचा, ज्याला फोटो पाठवला की पाच मिनिटांत औषधाचं नाव येतं आणि खाली नमस्काराचे हात. जर्मनीतल्या ह्या येना गावात प्रत्येक मराठी घराला असे दोन डॉक्टर आहेत, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता लागू द्यायचा नाही असा न लिहिलेला नियम आहे – जसं एका गुरुजींपाशी दुसऱ्या गुरुजींचं बोलू नये. इथल्याला सांगावं तर तो दुखावेल. पुण्याच्याला सांगावं तर तो म्हणेल, मग मला कशाला विचारलंत? म्हणून दोघांनाही नमस्कार करायचा आणि दोघांचंही औषध घ्यायचं. पांढरी गोळी इथल्या डॉक्टरची, दिवसातून तीनदा. गुलाबी गोळी पुण्याहून आणलेल्या डब्यातली, दिवसातून पाचदा. फराळाचा जुना पत्र्याचा डबा तो. उर्जाच्या मैत्रिणीही त्यातून गोळ्या उसन्या न्यायच्या – घसा, पोट, ताप, काहीही.

"एक व्हायरससाठी, एक नागिणीसाठी," उर्जाने सोमवारी सांगितलं होतं.

विहीणबाई आल्या. भिंतीला धरून आल्या, आणि खुर्चीत बसताना खुर्ची कुठे आहे ते हाताने चाचपून पाहिलं. बशीतल्या गोळ्या उचलताना हात उडाला – थरथरला नव्हे, कुणी मागून धक्का द्यावा तसा उडाला – आणि पांढरी गोळी फरशीवर पडली. भास्करराव वाकून ती उचलू लागले, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "राहू द्या हो भाऊसाहेब. त्या बसलेल्या माणसांना सांगा की. इतके जण नुसते बसून आहेत."

"कोण माणसं?"

"हे काय, कपाटावर." त्या अगदी सहज म्हणाल्या, आणि जरा आवाज खाली आणून, पाहुण्यांसमोर बोलावं तसं, "चहा विचारला का कुणी त्यांना?"

उर्जाने मान वर केली, आईकडे पाहिलं, हसली – हसण्यात भीती होती, पण ती तिने लगेच आवरली. "झोपच नाही ना झाली हिची. आणि आता वयोमानाप्रमाणे... आई, पाणी पी." गोळ्या दोन घोटांत गेल्या. दोनच घोट. भांडं तसंच भरलेलं राहिलं.

वयोमानाप्रमाणे. हा शब्द ऐकला की भास्कररावांच्या कानाची पाळी तापायची. माणसाचा गुडघा दुखला, वयोमानाप्रमाणे. नाव आठवलं नाही, वयोमानाप्रमाणे. आता एक धडधाकट बाई, जी परवापर्यंत शब्दकोडं पेनाने सोडवत होती, ती कपाटावर माणसं बघते आहे – तेही वयोमानाप्रमाणे. दोन दिवसांत वय वाढतं? बुधवारी अडुसष्ट आणि गुरुवारी नव्वद, असं होतं कुठे? पण हे त्यांनी मनात म्हटलं. मनात त्यांना सगळं म्हणता येई. मनात ते फर्डे वक्ते होते.

खरी गोष्ट ही होती की त्यांना माहीत होतं. काल संध्याकाळी, उर्जा आईच्या कपाळाला मलम लावत असताना, त्यांनी दोन्ही खोक्यांमधले कागद काढून आपल्या खोलीत नेले होते. छत्तीस वर्षं वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काढलेला माणूस, छापील कागद दिसला की वाचणारच. पुण्याचा कागद इंग्रजीत होता, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत. इथला जर्मनमध्ये, ऐसपैस, टेबलावर अंथरला तर पंचांगाएवढा. शब्दकोश घेऊन दोन तास बसले. पांढऱ्या गोळीतलं औषध पोटात गेलं की शरीर त्याचं जे करतं, तेच नेमकं गुलाबी गोळीत भरलेलं होतं. नावं दोन, औषध एक. एकाच कामावर दोन माणसं नव्हती नेमली, एकाच माणसाला दोनदा कामावर घेतलं होतं. आणि पुढे – वृद्धांमध्ये आणि मूत्रपिंडं कमजोर असलेल्यांमध्ये मात्रा कमी करावी. भरपूर पाणी द्यावं. गोंधळ, भास, झटके, गुंगी दिसल्यास लगेच डॉक्टरांना कळवावं.

मूत्रपिंडं. पुण्याच्या रिपोर्टवर क्रिएटिनिनच्या आकड्याभोवती तांबड्या शाईचा गोल होता. तो त्यांनी स्वतः पाहिला होता. विहीणबाईंच्या व्हिसाची फाइल त्यांनीच लावून दिली होती, अनुक्रमणिकेसह. आणि सोमवारी रात्री जेवताना उर्जा म्हणाली होती, "तो किडनीचं विचारत होता. मी नाही म्हटलं. उगाच आधीचा आजार निघाला की विमेवाले हात वर करतात." सिद्धेश म्हणाला होता, "गेनाऊ." गेनाऊ म्हणजे बरोबर. आणि सासरेबुवांनी भाताचा दुसरा घास घेतला होता.

आणि पाणी... पाण्याचं तर त्यांना आणखीच माहीत होतं, आणि ते आठवलं की लाजेने मान खाली जायची. ह्या घरात संडास एकच, आणि तो त्यांच्या खोलीच्या दाराला लागून. ते दिवसभर दार उघडं ठेवून, उजेडाच्या बाजूला खुर्ची घेऊन वाचत बसतात. विहीणबाईंनी तिथून जायचं म्हणजे व्याह्यांच्या समोरून जायचं, दार लावायचं, पाणी सोडायचं, परत समोरून यायचं – दिवसातून आठ वेळा? त्या पिढीच्या बाईला ते जमणार नाही. त्या पाणीच कमी प्यायच्या. हे भास्कररावांच्या आठवड्याभरातच लक्षात आलं होतं. दार लावून घ्यावं असं वाटलं होतं; पण लावून घेतलं तर विहीणबाईंना वाटायचं, आपल्याला टाळतात. म्हणून उघडं ठेवलं, आणि त्या येताना दिसल्या की पुस्तक तोंडासमोर धरलं. झालं. एवढीच आपली शहाणीव.

काल ते बोलले होते. बोलले होते ना? – "त्या गोळ्यांचं एकदा बघून घ्यायला हवं बुवा," असं ते जेवताना, आमटीच्या वाटीकडे पाहत म्हणाले होते. उर्जा म्हणाली, "हो ना, संपत आल्यात, अजून चारच दिवसांच्या आहेत." आणि त्यांनी मान हलवली होती.

विट्याच्या घराच्या पडवीत, त्या सोप्यात, तर तेवढंही बोललो नाही. सुलेखाचे सासरे, दीर, शेजारचे चार जण, आणि मधे तो नागीण उतरवणारा – काव कालवलेली वाटी, मोराचं पीस, तोंडात पुटपुट. कपाळावरच्या फोडांभोवती तो तांबडी रेघ ओढत होता, नागिणीची दोन तोंडं जुळायला नकोत म्हणून. सुलेखा पाटावर, पदर दातांत धरून. मी भिंतीला टेकून. माझ्या पिशवीत त्याच महिन्याचं नियतकालिक होतं, त्यात त्या नव्या औषधाचं सगळं होतं – किती वेळा, किती दिवस, डोळ्याजवळ असेल तर किती घाई. सांगलीला मिळत होतं. दीड तासाचा रस्ता. आणि मी काय विचार करत होतो? बहिणीच्या सासरी भावाने तोंड उघडू नये. मी कोण, डॉक्टर थोडाच आहे, पुस्तकं लावणारा माणूस. सासरे म्हणतील, आले मोठे. आणि चुकलं तर? – चुकलं तर काय, हा प्रश्न ज्याला सुचतो तो माणूस बहुतेक वेळा दुसऱ्याच्या डोळ्यावर बसून विचार करत असतो.

त्यांनी फोन उचलला. स्वयंपाकघरात विहीणबाई कपाटाकडे पाहत काहीतरी हलकेच बोलत होत्या, कुणाला तरी आग्रह करत होत्या.

"सिद्धेश, अरे, त्या दोन गोळ्या एकच आहेत. तुझ्या सासूबाईंना भास होताहेत. मी वाचलं–"

"बाबा, प्लीज. मी मीटिंगमध्ये आहे. डॉक्टरने दिल्यात ना?"

"दोघांनी दिल्यात. तेच सांगतोय."

"आल्झो, तर मग संध्याकाळी बोलू. तुम्ही ते कागद वाचत बसू नका हो, त्यात सगळंच लिहिलेलं असतं. डोकेदुखीच्या गोळीवर पण लिहितात मृत्यू येऊ शकतो म्हणून."

फोन बंद झाला. भास्करराव बंद फोनकडे पाहत उभे राहिले आणि त्यांना एकदम, पायाच्या नखापासून, राग आला. असा राग त्यांना चौऱ्याहत्तर वर्षांत फार तर तीनदा आला असेल. त्यात सगळे होते – सिद्धेश, ज्याला त्यांनी वाचायला शिकवलं आणि जो आता म्हणतो वाचू नका. उर्जा, जी आईवर इतकी माया करते की एक औषध पुरेसं वाटेना. सुलेखाचे कैलासवासी सासरे. तो मोराचं पीस फिरवणारा. नमस्काराचे हात पाठवणारा पुण्याचा डॉक्टर. आणि सगळ्यांत पुढे, सगळ्यांच्या मधे, भिंतीला टेकून बसलेला एक चाळिशीचा माणूस, मांडीवर पिशवी घेतलेला. सभ्यता म्हणे. ज्या सभ्यतेने एका बाईचा डोळा जातो, तिला सभ्यता कशाला म्हणायचं? भित्रेपणाला धोतर नेसवलं की सभ्यता होते?

त्यांनी डबा उघडला. उर्जाचा कॉल चालू होता, तिची पाठ होती. गुलाबी गोळ्यांची पाकिटं काढली, पांढऱ्यांचं खोकं काढलं, फाइलमधून तांबड्या गोलाचा रिपोर्ट काढला – अनुक्रमांक सात – आणि कोट चढवून, न सांगता, तीन जिने उतरून गेले. वहिवाटीने ते कुठे जाताना सांगत, येऊ का विचारल्यासारखं. आज नाही.

कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात चार जण रांगेत होते. ट्रामच्या थांब्यावर त्यांनी चिठ्ठी लिहिली होती, कोटाच्या खिशातल्या शब्दकोशातून एकेक शब्द उचलून: बाई, वय अडुसष्ट. मूत्रपिंड कमजोर. दोन्ही औषधं चार दिवस. आजपासून भास. मागून एक बाई आली, बाळगाडी घेऊन. त्यांनी सवयीने बाजूला होऊन तिला पुढे जाऊ दिलं. मग एक म्हातारा आला, काठीवाला. त्यालाही वाट द्यायला पाय मागे गेलाच होता – आणि तो त्यांनी परत पुढे आणला. म्हाताऱ्याने पाहिलं. बघू दे.

काउंटरमागची बाई पन्नाशीची होती, केस बारीक कापलेले, चष्मा साखळीला. तिने चिठ्ठी वाचली, गोळ्या पाहिल्या, पुण्याच्या पाकिटाच्या मागचं बारीक इंग्रजी चष्म्याजवळ धरून वाचलं, रिपोर्ट पाहिला, आणि तिचा चेहरा बदलला.

"दोन्ही?" तिने जर्मनमध्ये विचारलं. "एकाच वेळी?"

"या," भास्करराव तिच्याच भाषेत 'हो' म्हणाले. "दोन्ही."

"डॉक्टरांना माहीत आहे?"

"नाइन. कुणालाच नाही. मला माहीत आहे." हे शेवटचं त्यांनी मराठीत म्हटलं, पण तिला कळल्यासारखं वाटलं.

ती सावकाश बोलली, त्यांच्यासाठी, लहान लहान वाक्यांत. औषध चांगलं आहे. दोन्ही चांगली आहेत. पण हे एकच औषध आहे. मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात. मूत्रपिंडं सावकाश, तर औषध साठतं – आणि तिने बोट कानशिलाला लावलं – इथे येतं. पुढची गोळी देऊ नका. पण आपण होऊन सगळं बंद करून घरीही बसू नका; डोळ्याजवळ आहे, किती द्यायचं ते डॉक्टर ठरवेल. आज रक्त तपासायला हवं. आज म्हणजे आत्ता. आणि दुसऱ्याच्या घरातल्या गोळ्या, डब्यातल्या गोळ्या... तिने वाक्य पुरं केलं नाही. ती आधीच फोन लावत होती, इथल्या डॉक्टरच्या दवाखान्यात, आणि मग त्यांच्याकडे वळून म्हणाली, घरचा नंबर द्या.

त्यांनी उर्जाचा नंबर पाठ म्हणून दाखवला. मग ते काठीवाल्या म्हाताऱ्याच्या शेजारी बाकावर बसले.

पुढचं भराभर झालं, आणि त्यांना त्यात काही करायचं नव्हतं. दवाखान्याने पाठवलेली ॲम्ब्युलन्स आली तेव्हा ते दाराशी पोचत होते. विहीणबाई स्ट्रेचरवरून त्यांच्याकडे बघून ओळखीचं हसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही कशाला तसदी घेतलीत, अण्णा?" अण्णा म्हणजे त्यांचे वडील, वारून चाळीस वर्षं झालेली. उर्जा एका पायात बूट घालत होती.

"बाबा, तुम्ही न सांगता डबा उघडलात."

"हो."

"आणि दुकानात जाऊन सांगितलंत सगळं. रिपोर्ट नेलात. विमा... मला विचारायचं तरी होतंत."

"काल विचारलं होतं."

"काय विचारलं होतं? तुम्ही म्हणालात, बघून घ्यायला हवं. काय बघायचं होतं ते मला कसं कळणार?" तिचा आवाज फुटला. "मी चार दिवस गजर लावून आईला..." आणि दुसरा बूट हातात घेऊनच ती जिना उतरली.

तिचं बरोबर होतं. त्यामुळे त्यांना आणखी राग आला. घरात आता कुणी नव्हतं. टेबलावर लॅपटॉप उघडा, त्यात कुणीतरी अजून बोलत होतं, उर्जा, आर यू देअर, म्हणत होतं. अकराचा गजर वाजला. कसा बंद करायचा ते त्यांना ठाऊक नव्हतं. उर्जाचा फोन घरीच राहून गेला होता, आणि तो वाजत राहिला, थांबला, परत वाजला. त्यांनी तो उशीखाली दाबला आणि संडासाच्या दाराशी येऊन उभे राहिले. मग आपली खुर्ची उचलली आणि खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात, कपाटाच्या मागे नेऊन ठेवली, जिथून दार दिसत नव्हतं. उजेडही नव्हता. इतकं सोपं होतं हे. सहा आठवडे.

सव्वातीनला सिद्धेशचा फोन आला.

"बाबा, ॲडमिट केलंय. किडनीचे आकडे खूप वर गेलेत. सलाइन चालू आहे. डॉक्टर म्हणतात दोन-तीन दिवसांत डोकं बहुतेक साफ होईल. आकडे नाही उतरले तर डायलिसिस करावं लागेल... बहुतेक लागणार नाही म्हणाले. डोळ्यासाठी तेच औषध देणार आहेत, अगदी कमी करून." मग आवाज उतरवून, "तुम्ही वाचलंत म्हणून कळलं, बाबा."

"ते राहू दे. उर्जा कशी आहे?"

"रडतेय. तिला वाटतंय तिनेच..." मग तो म्हणाला, "तुम्हाला आज सकाळी लक्षात आलं ना?"

खोटं बोलता आलं असतं. अगदी तोंडावर आलेलं, तयार, नेसून उभं राहिलेलं खोटं होतं.

"काल संध्याकाळी," भास्करराव म्हणाले. "दोन औषधं एक आहेत हे काल कळलं. किडनीचं तर त्याआधीपासून माहीत होतं."

पलीकडे ट्रॉलीची चाकं वाजत गेली. मग सिद्धेशने विचारलं – रागाने नाही, खरंच कळत नाही म्हणून, लहानपणी आकाश निळं का असं विचारायचा तसं – "मग तुम्ही बोलला का नाहीत?"

भास्करराव खिडकीशी उभे होते. पलीकडच्या टेकडीवर चुनखडीचा पांढरा कडा उन्हात होता. तेहतीस वर्षं त्यांनी ह्या प्रश्नाची उत्तरं लिहून फाडली होती. बारा पानी उत्तरं. त्यांत रूढी होती, सासरची प्रतिष्ठा होती, ज्ञान आणि अधिकार ह्यांतला फरक होता, एका मसुद्यात तर संस्कृत वचनही होतं. कुठल्याच मसुद्यात नव्हता तो शब्द आता तोंडातून आपोआप गेला.

"लाज वाटली."

"कसली लाज?"

"बोलायची. दुसऱ्यांच्या माणसांत बोलायची. आपण चुकलो तर सगळे बघतील, त्याची." आणि मग, कुणावर कोण जाणे, आवाज चढला. "पण तूही सकाळी फोन ठेवलास, हे विसरू नकोस. वाचू नका म्हणालास. मी हळू बोलतो म्हणून कुणी ऐकायचंच नाही, असं नसतं."

"हो," सिद्धेश म्हणाला. "नसतं."

फोन ठेवल्यावर ते लगेच टेबलाशी बसले, राग थंड व्हायच्या आत. उर्जाच्या ऑफिसच्या वहीतला एक कागद फाडला. सुलेखाला फोन करता आला असता. तिच्या नातीच्या फोनवर ती दर दिवाळीला दिसायची, मान उजवीकडे वळवून, उरलेल्या डोळ्याने त्यांना शोधत. फोनवर तिने कधी विचारलं नव्हतं. पत्रात विचारलं होतं.

चि. सुलेखा हिस – लिहिलं, आणि पुढे पेन अडेल म्हणून वाट पाहिली. अडलं नाही.

'तू १९९१ साली विचारलं होतंस त्याचं उत्तर. मला माहीत होतं. औषध सांगलीला मिळत होतं. तीन दिवसांच्या आत सुरू करायला हवं होतं आणि मी आलो तो दुसरा दिवस होता. तुझ्या सासऱ्यांसमोर बोलायची लाज वाटली म्हणून मी गप्प बसलो. दुसरं कारण नाही. आज इथे उर्जाच्या आईच्या बाबतीतही कालचा दिवस गप्प बसलो. आज बोललो. त्या हॉस्पिटलात आहेत, उद्यापर्यंत काही कळणार नाही. तू रागावली नाहीस म्हणाली होतीस. रागावायला हवं होतंस. मी तुझ्या जागी असतो तर रागावलो असतो. तुझी माफी मागायची तर ती मी पुढच्या पत्रात मागेन. हे फक्त उत्तर आहे. – दादा.'

परत वाचलं. 'दुसरं कारण नाही' ह्यापुढे एखादं वाक्य घालावं असं वाटलं – त्या काळी, आपल्याकडे, तुला माहीतच आहे... पेन टोपणात घातलं.

पोस्टाची पिवळी पेटी ट्रामच्या थांब्यापलीकडे होती. पाच वाजता उघडायची. पाचला दहा कमी होते. पाकिटावर विट्याचा पत्ता त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिला होता, सवयीने, तिला दिसावा म्हणून, आणि पेटीशी पोचल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की मोठ्या अक्षरांचा आता काही उपयोग नाही. उरलेल्या डोळ्यातही मोतीबिंदू उतरला होता. गेल्या वर्षापासून तिला सगळं वाचून दाखवावं लागतं. म्हणजे हे पत्र कुणीतरी उघडणार. सून, नाहीतर तो दीर, जो त्या दिवशी तिथे होता आणि अजून तिथेच आहे. त्याच सोप्यात बसून, चारचौघांसमोर, मोठ्याने वाचणार – मला माहीत होतं, लाज वाटली म्हणून मी गप्प बसलो – आणि ऐकणारे एकमेकांकडे बघणार.

ते थांबले. पाकीट अर्धं फटीत होतं. वर्षानुवर्षं जिथे त्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता, त्याच जागी, त्याच माणसांत, त्यांचा आवाज जाणार होता. त्यांच्याशिवाय, सावकाश, अडखळत, दुसऱ्याच्या तोंडून. अजूनही पाकीट मागे ओढता आलं असतं. त्यांनी वाट पाहिली – छातीत ती जुनी धडधड सुरू व्हायची, कानाच्या पाळ्या तापायच्या, पाय मागे व्हायचा... त्यातलं काहीच झालं नाही. राग तेवढा होता, तो कमी झाला नव्हता, आणि बहुधा आता होणारही नव्हता. वाचू देत, ते म्हणाले. मोठ्याने वाचू देत. आणि बोटं सोडली.